एर्दिगची पागा आणि तिच्याभोवतीचे चौक

वेल्सच्या ईशान्य कोपऱ्यात, रेक्सम शहराच्या दक्षिणेला सुमारे दोन मैलांवर, एर्दिग ही सतराव्या शतकातील हवेली आहे. नावात इंग्रजी ‘डी’ लागोपाठ दोनदा येतो म्हणून आपण सहज ‘एर्डिग’ म्हणून मोकळे होतो. वेल्श भाषेत मात्र या जोडअक्षराचा उच्चार जीभ दातांना लावून, आपल्या ‘द’च्या जवळपास होतो. १९७३ पासून ही वास्तू ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे, आणि तिच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा आतले सोनेरी आरसे, रेशमी पडद्यांचा पलंग आणि बाग यांच्याविषयी असते. माझा हा अभिप्राय त्याविषयी नाही. तो आहे हवेलीला लागून असलेल्या विटांच्या इमारतींविषयी, म्हणजे पागा, बग्गीखाना, लोहारशाळा, सुतारशाळा, लाकूड कापण्याचा खड्डा, चुन्याचा चौक, धुलाईघर आणि भटारखाना यांच्याविषयी. मी आयुष्यभर बांधकामाच्या नोकरीत काढलेला माणूस आहे, त्यामुळे माझी नजर आरशापेक्षा भिंतीकडे आधी जाते हे मान्य करूनही सांगतो की, ज्याला अडीच-तीन तासच मिळणार असतील त्याने त्यातले निम्म्याहून अधिक या चौकांत घालवावेत. हवेली सुंदर आहे. पण तिच्यासारख्या हवेल्या त्या देशात पुष्कळ आहेत. असे संपूर्ण, एकालाही न वगळता शिल्लक राहिलेले कारखाने फार थोडे असतील.

मुलगा चेस्टरजवळ राहतो, त्याच्याकडे गेलो असताना एर्दिगला माझ्या दोन फेऱ्या झाल्या. पहिली फेरी एका सहल कंपनीबरोबर होती. तिचे नाव घेत नाही, पण तिने सव्वा तासात सर्व आटोपण्याचा हुकूम सोडला आणि त्यातला पाऊण तास बसची वाट पाहण्यात गेला. दुसऱ्या वेळी आम्ही दोघेच रेल्वेने रेक्समला उतरून रमतगमत चालत गेलो. हा लेख त्या दुसऱ्या फेरीवर बेतलेला आहे.

एर्दिगची सगळ्यांत धाडसी गोष्ट दारातच कळते. मोठ्या हवेल्यांत प्रेक्षकाला सामान्यतः समोरच्या पायऱ्यांवरून आत घेतात, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी ज्या पायऱ्यांवर त्याला कोणी उभेही केले नसते त्या पायऱ्यांवरून तो पाहुण्यासारखा चढतो. एर्दिग १९७७ साली लोकांना खुली झाली तेव्हा ट्रस्टने हा क्रम उलटा केला. येथे तुम्ही अष्टकोनी विटांच्या कबुतरखान्याजवळून येता आणि पहिला चौक लागतो तो उकिरड्याचा. होय, उकिरड्याचाच, पागेतली लीद जिथे साठवून पुढे बागेला खत म्हणून जायची तो चौक. तेथून कारागिरांच्या शाळा, मग पागा, मग धुलाईघर व भटारखाना, मग स्वयंपाकघर, नोकरांचा बोळ, आणि या सर्वांनंतर हिरव्या कापडाने मढवलेल्या दारापलीकडे मालकांचे घर. आमच्या मंडळी म्हणाल्या, ‘अहो, हे तर मोलकरणीच्या वाटेनं घर बघणं झालं.’ नेमके तेच झाले होते, आणि ते वास्तुरचनेला धरून होते, कारण एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना भिंतीचा पोत, उंबऱ्याची झीज आणि दाराची उंची पायरीपायरीने बदलत जाते.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे. हवेलीचे काम १६८४ साली जोशुआ एडिसबरी याने सुरू केले आणि त्या कामापायी त्याचे दिवाळे निघाले. त्याच्या सावकारांत एलिहू येल हा होता. मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर झालेला, पुढे अमेरिकेतल्या विद्यापीठाला ज्याचे नाव मिळाले आणि आज रेक्समच्या सेंट जाइल्स चर्चच्या आवारात ज्याची कबर आहे, तोच हा येल. म्हणजे कोरोमंडल किनाऱ्यावरच्या व्यापारातला पैसा फिरत फिरत या विटांपर्यंत पोहोचला होता. नंतर लंडनचा वकील जॉन मेलर याने वास्तू विकत घेऊन दोन्ही बाजूंना वाढवली, आणि १७३३ मध्ये तो निपुत्रिक वारल्यावर ती भाच्याकडे, सायमन यॉर्ककडे गेली. तेव्हापासून १९७३ पर्यंत, म्हणजे २४० वर्षे, येथे यॉर्क घराणे नांदले आणि मालकाचे नाव एकतर सायमन किंवा फिलिप असेच राहिले. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्याला नवी नाही, पण घराण्याच्या इतिहासकाराची त्यात किती त्रेधा उडत असेल याचा विचार यॉर्क मंडळींनी केलेला दिसत नाही. या लेखापुरता लक्षात ठेवायचा तो पहिला फिलिप. तो १७६७ मध्ये मालक झाला आणि १७७० च्या दशकात त्याने हवेलीत, बागेत व मागच्या चौकांत मोठी उलथापालथ केली. आज आपण पाहतो त्या पागेच्या चौकाला रूप आले ते याच काळात.

आता मुद्द्याची गोष्ट. हवेली उंचवट्यावर आहे आणि तिचे पश्चिमेचे अंग पावसाळी वाऱ्याला थेट सामोरे जाते. सुमारे ९० वर्षांत त्या बाजूच्या विटा इतक्या झिजल्या की फिलिपने १७७० च्या दशकात पश्चिमेच्या संपूर्ण दर्शनी भागावर दगडाचे आच्छादन चढवले. तेव्हाच्या अभिरुचीलाही ते धरून होते. लाल वीट जुनाट वाटू लागली होती आणि करडा दगड प्रतिष्ठेचा झाला होता. त्याच दशकात, त्याच मालकाच्या पैशातून पागा उभी राहिली आणि तिला मात्र कोणी दगड चढवला नाही. घोड्याला प्रतिष्ठेशी काय करायचे? परिणाम असा की, आज पश्चिमेकडून पाहिले तर हवेलीचे ते लांबलचक करडे तोंड नीटनेटके, पण काहीसे रक्त आटल्यासारखे दिसते, आणि तेथून पागेच्या चौकात आले की संध्याकाळच्या उन्हात विटा पेटलेल्या दिसतात. बागेच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला, हवेलीची मूळ वीट उघडी आहे. ती पाहिल्यावर पश्चिमेकडे काय हरवले याचा अंदाज येतो. वाऱ्यापावसाचे कारण खरे होते हे मी नाकारत नाही. तरीही माझे मत पागेच्या बाजूने आहे.

या विटा जवळून पाहण्यासारख्या आहेत. हाताने साच्यात घातलेल्या विटेची कड कधीच सरळ नसते, आणि भट्टीत आचेच्या जवळ बसलेली वीट काळपट जांभळी, तर आचेपासून लांब राहिलेली नारिंगी व मऊ निघते. त्यामुळे एकाच भिंतीत आठ-दहा छटा सहज सापडतात. या भागात आल्यावर ही तुलना आपोआप होते, कारण शेजारच्या रुआबॉन गावाच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात यंत्राने दाबलेल्या, कडक, गडद लाल विटांचा प्रचंड उद्योग उभा राहिला आणि रेक्समपासून लिव्हरपूलपर्यंत त्याच विटांनी रस्तेच्या रस्ते बांधले गेले. ती वीट शंभर वर्षांनंतरही कालच बसवल्यासारखी दिसते. तिच्या कणखरपणाबद्दल आदर वाटतो, पण तिच्याजवळ थांबावेसे वाटत नाही. पागेच्या भिंतीपाशी मात्र मी बराच वेळ रेंगाळलो. गाडीवाटेच्या कमानीच्या कोपऱ्यावर, जमिनीपासून साधारण कमरेच्या उंचीपर्यंत, विटांच्या कडा गोल झालेल्या आहेत. तेथून वर त्या पुन्हा धारदार होतात. चाकांच्या तुंब्यांचा, घोड्यांच्या अंगाचा आणि वळताना हात टेकणाऱ्या माणसांचा तो हिशेब असावा. आमच्यासमोर एक लहान मुलगी त्याच ठिकाणी हात टेकून वळली.

पागेची रचना साधी आहे, आणि तिच्यात जे आहे ते कामापुरते. खाली घोड्यांची ठाणी, वर वैरणीचा माळा. हा क्रम अडाणी माणसालाही सुचेल असा वाटतो, पण त्यामागे बरेच विचार असतात: वैरण वरून थेट गव्हाणीच्या वरच्या जाळीत सोडता येते, मोतद्दाराची फेरी वाचते, आणि थंडीत तो गवताचा थर खालच्या जनावरांवर गोधडीसारखा पडून राहतो. उलट घोड्यांचा ओलसर, तिखट श्वास माळ्यात चढला तर वैरण बिघडते, म्हणून हवा खेळती ठेवण्याची सोय करावी लागते. ठाणाची जमीन किंचित उतरती असावी लागते, पाणी व मूत्र वाहून जाण्याइतकी, पण घोड्याच्या पायावर ताण येणार नाही इतपतच. हा उतार डोळ्यांना दिसत नाही. बुटाच्या टाचेला कळतो. मी दोनदा तेथे उभा राहून खात्री केली, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे काळजीने पाहिले.

बग्गीखान्यात जुन्या बग्ग्या ठेवल्या आहेत, आणि त्यांच्या पुढच्या पिढीच्या सायकली व मोटारीही. शेवटचा मालक, तिसरा फिलिप, सायकलींचा शौकीन होता. घोडा गेल्यावर पागेचे काय होते याचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘दुकान’ असे असते. येथेही चौकाचा काही भाग खाण्यापिण्याच्या सोयीला गेला आहे आणि मला त्यात काही गैर वाटले नाही, कारण भिंतींची मूळ विभागणी मोडलेली नाही. चहा बरा होता. बटाट्याचे सूप त्याहून बरे होते.

मला सर्वांत अधिक गुंतवून ठेवले ते कारागिरांच्या चौकाने. लोहारशाळेत भाता, ऐरण आणि नाल ठोकण्याची जागा. सुतारशाळेत लांब कामाचे बाक, रंधे, किकरी. आणि बाहेर लाकूड कापण्याचा खड्डा, ज्यावर ओंडका आडवा टाकून एक माणूस वर व एक माणूस खाली उभा राहून करवत ओढत असे. वरच्याने रेषेवर नजर ठेवायची, खालच्याने डोळ्यांत भुसा घ्यायचा. त्या शेजारी चुन्याचा चौक. येथे कळीचा चुना पाण्यात विरवून बांधकामासाठी तयार करीत. चुन्याचा हा चौक प्रवासी दोन मिनिटांत ओलांडून जातात, कारण पाहण्यासारखे असे तेथे थोडेच आहे, परंतु संपूर्ण एर्दिगचे जिवंत राहणे मला त्या चौकाशी जोडलेले वाटते, ते का ते सांगतो.

विसाव्या शतकात या जमिनीखालून बर्शम खाणीचा कोळसा काढला गेला. जमीन खचली आणि हवेली एका टोकाला सुमारे पाच फूट खाली बसली. छप्पर तडकले, पाणी आत येऊ लागले, आणि १९६६ मध्ये तिसरा फिलिप मालक झाला तेव्हा घरात वीजही नव्हती. अशा अवस्थेत, काही विकून आपली सुटका करून घेण्याऐवजी, घरातली एकही वस्तू बाहेर जाऊ नये या अटीवर त्याने १९७३ मध्ये सगळे नॅशनल ट्रस्टला देऊन टाकले. राष्ट्रीय कोळसा मंडळाने नुकसानभरपाई म्हणून १,२०,००० पौंड दिले. आता पाच फूट खचूनही भिंती उभ्या राहिल्या याचे श्रेय मी विटा जोडणाऱ्या चुन्याच्या गाऱ्याला देईन. चुना विटेपेक्षा मऊ असतो. इमारत हलली की तो आधी फाटतो, थोडा झुकतो, बारीक चिरा काही प्रमाणात स्वतःच भरून काढतो, आणि विटेला वाचवतो. सिमेंटच्या कडक दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, असत्या तर चिरा विटांमधूनच आरपार गेल्या असत्या. जुन्या विटांच्या भिंतीला सिमेंटने दर्जा भरून ‘मजबूत’ करण्याचा उद्योग मी माझ्या नोकरीत डोळ्यांदेखत पाहिला आहे. दहा-बारा वर्षांत विटेचे तोंड पापुद्र्यासारखे सुटते आणि कोरी दर्ज तेवढी पिंजऱ्यासारखी पुढे राहते.

दुरुस्तीच्या वेळी, १९७३ ते १९७७ या काळात, हे चौक पुन्हा कामाला लागले, आणि ज्या सुतारशाळेत हवेलीच्या खिडक्या पूर्वी घडल्या तेथेच त्या पुन्हा दुरुस्त झाल्या. संग्रहालयात हत्यारे भिंतीवर टांगलेली असतात. येथे ती टांगलेली आहेत, पण खाली उतरवून वापरलेलीही आहेत, आणि मुठींवरून ते कळते.

धुलाईघर आणि भटारखाना यांच्याविषयी थोडक्यात. धुलाईचे दोन भाग आहेत, ओले व कोरडे. कोरड्या भागात दगडांनी भरलेली एक मोठी लाकडी पेटी लाटण्यांवरून मागेपुढे फिरवून चादरींच्या सुरकुत्या काढण्याचे यंत्र आहे. ते पाहून आमच्या मंडळींनी आपल्या इस्त्रीबद्दलची जुनी तक्रार मागे घेतली. स्वयंपाकघर त्याच १७७० च्या दशकातले, आगीच्या भीतीने मुळात हवेलीपासून सुटे बांधलेले, उंच व प्रशस्त. तेथे भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक इंग्रजी वचन रंगवलेले आहे, ज्याचा भावार्थ ‘वाया घालवू नका, म्हणजे उणे पडणार नाही’ असा होतो. आपल्या ताटात काय पडेल हे ज्यांच्या हाती नव्हते त्या माणसांच्या डोक्यावर ते लिहिलेले आहे, हे वाचताना विसरता येत नाही.

यॉर्क घराण्याची एक लकब होती, आणि तिच्यामुळे हे चौक ओस वाटत नाहीत. त्यांनी आपल्या नोकरांची चित्रे काढून घेतली. १७९० च्या दशकात पहिल्या फिलिपने डेन्बी येथील जॉन वॉल्टर्स या चित्रकाराकडून लोहार, सुतार, स्वयंपाकघरातला गडी अशांची तैलचित्रे करवून घेतली आणि प्रत्येकावर स्वतः पद्ये रचली. पुढच्या पिढ्यांनी ती चाल सुरू ठेवली. १८५२ च्या एका छायाचित्रात नोकरमंडळी आपापल्या कामाची हत्यारे हाती धरून उभी आहेत. पद्ये गमतीदार आहेत, काव्य म्हणून सुमार आहेत. ज्या लोहाराचा चेहरा नोकरांच्या दालनात पाहिला त्याच्याच धंद्याची ऐरण पंधरा मिनिटांपूर्वी आपण पाहून आलेलो असतो, आणि हा धागा दुसरीकडे क्वचितच मिळेल. तरीही एक गोष्ट खटकते ती लिहिलीच पाहिजे: बोलतो तो सतत मालक. त्याच दालनात हाती शिंग घेतलेल्या एका कृष्णवर्णीय मुलाचे अठराव्या शतकातले चित्र आहे. तो बग्गीबरोबरचा पोऱ्या म्हणून ओळखला जातो. त्याच्यावरही पद्य आहे, तेही मागाहून जोडलेले. तो या पागेत वावरला असेल तर कोणत्या ठाणाशी, झोपायला माळ्यावर जात होता की आणखी कुठे, हे त्या ओळी सांगत नाहीत. यॉर्कांच्या आपुलकीचे कौतुक करणाऱ्यांनी त्या चित्रासमोर थोडे अधिक थांबावे.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. पायांत जाड तळव्याचे बूट असू द्या, कारण चौकांत जागोजागी गोटे आहेत आणि पाऊस केव्हाही येतो. चौक आधी पाहा. मार्गच तसा आहे, पण गर्दी दिसली की लोक धावत हवेली गाठतात आणि परतताना दमलेल्या नजरेने पागा पाहतात. खोल्यांच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. वेळ उरला तर विल्यम एम्सने आखलेल्या उद्यानात उतरून तो दंडगोल धबधबा पाहावा, ज्याला ‘कप-बशी’ म्हणतात. पाणी गोल कुंडात पडून मधल्या भोकातून खाली नाहीसे होते आणि काही अंतरावर पुन्हा वर येते. तेथपर्यंतची चढउतार गुडघ्यांना जाणवते.

आम्ही तो धबधबा पाहून परत वर आलो तेव्हा साडेचार वाजले होते. पागेच्या चौकात ऊन पश्चिमेच्या भिंतीवरून उतरून पूर्वेच्या भिंतीवर चढले होते, आणि सकाळी सपाट दिसलेल्या दर्जा आता सावलीच्या बारीक रेघांनी एकेक करून मोजता येत होत्या. कमानीपासून पहिल्या खिडकीपर्यंत मी एकोणीस थर मोजले, मग मंडळींनी हाक मारली आणि विसाव्यावर गाडी चुकली.